गूजनेक किटली : धार, ताप आणि पाणी

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते तेव्हा ती समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंचीवर असते. नृसिंहवाडीला पंचगंगा तिला येऊन मिळते, तिथं ही उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास उरलेली असते. उंचावर हवेचा दाब कमी असतो, आणि दाब कमी असला की पाणी कमी तापमानालाच उकळतं. म्हणून महाबळेश्वरात पाण्याला उकळी फुटते ९५.५ अंश सेल्सिअसच्या आसपास, नृसिंहवाडीत, म्हणजे वाडीत, ९८ अंशांच्या थोडं पुढे आणि मुंबईच्या किनाऱ्यावर १०० अंशांवर.

पातेल्यात चहा करणाऱ्याला हा फरक कधी जाणवत नाही. पण अंश मोजून पाणी तापवणारी विजेची किटली घरात आणली, की तो लगेच समोर येतो. लांब, बारीक, वाकड्या मानेची ही गूजनेक किटली आधी मोठ्या शहरांतल्या कॉफीच्या दुकानांत दिसायची. आता ती ऑनलाइन मागवता येते आणि परदेशातून येणाऱ्या भावंडांच्या सामानातूनही येते. ती दिसते देखणी, किंमतही चांगलीच असते. तेव्हा घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत : ती आपल्याला लागते का, आणि लागत असेल तर तिच्यात काय पाहायचं?

तोटीचं काम

वाडीत देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीच्या दुकानांच्या जोडीनं पूजासाहित्याची दुकानंही आहेत. पूजेच्या भांड्यांतली झारी सगळ्यांच्या ओळखीची. अभिषेकाची धार बारीक आणि अखंड पडायला हवी, म्हणून झारीची तोटी निमुळती असते. चहाच्या टपरीवरच्या ॲल्युमिनियमच्या किटलीचं काम वेगळं. पौर्णिमेच्या गर्दीत दहा पेले एका दमात भरायचे असतात, म्हणून तिची तोटी आखूड आणि रुंद. तोटीचा आकार कामावरून ठरतो, हे या दोन भांड्यांकडे पाहिलं की कळतं.

गूजनेक किटलीची तोटी झारीच्या जातीची. ती भांड्याच्या तळाजवळून निघते, नळीसारखी वर चढते, वळते आणि टोकाशी किंचित खाली झुकते. तळातून निघाल्यामुळे भांड्यात पाणी जितकं उंच, तितकंच ते तोटीतही उभं असतं. किटली जराशी कलती केली की धार सुरू होते, सरळ केली की थांबते. नळी अरुंद असल्यामुळे हात थोडा जास्त कलला तरी धार एकदम फुगत नाही. साध्या विजेच्या किटलीत पाणी वरच्या रुंद चोचीतून येतं. तिथं हात जरा कलला की पाणी भसकन पडतं. गूजनेकसाठी आपण जादा पैसे मोजतो ते धारेवरच्या या ताब्यासाठी.

जिथं ही किटली लागत नाही

आपल्या घरांत चहा केला जातो तो उकळून. पाण्यात साखर, आलं, गवती चहा, मग चहाची पूड, मग दूध. या चहासाठी वापरतात ती बारीक दाणेदार पूड सीटीसी पद्धतीची असते. पान चुरडून, फाडून आणि वळवून तिचे दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात सुरू झाली. दाण्यातून रंग आणि कडकपणा झटपट उतरावा, दूध घातल्यावरही चव टिकावी, यासाठीच ती आहे. तिला हवी ती खळखळून उकळी, आणि ती पातेल्यात मिळते. धार बारीक की जाड, याचा इथं काही संबंध येत नाही.

जायफळ घातलेली दुधाची कॉफी घ्या. तीही पातेल्यातच होते. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीच्या स्टीलच्या किंवा पितळी भांड्यात पुडीवर छिद्रांची चकती दाबलेली असते. पाणी चकतीवर पडून पसरतं, त्यामुळे तिथंही धार सांभाळावी लागत नाही. झटपट कॉफीला तर नुसतं गरम पाणी पुरतं.

किटलीत दूध किंवा तयार चहा उकळायचा मोह मात्र टाळावा, मग किटली कोणतीही असो. दूध तापणाऱ्या तळाला करपून चिकटतं, फेस वर येऊन झाकणातून उतू जातं आणि खालच्या विजेच्या जोडणीपर्यंत पोचू शकतं. गूजनेकच्या बारीक तोटीत दुधाची साय अडकली तर ती धुऊन काढणंही कठीण. या भांड्यात फक्त पाणी तापवायचं.

जिथं ती खरोखर लागते

१९०८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं कागदाच्या गाळणीतून कॉफी गाळण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. आज ज्याला पोअर-ओव्हर म्हणतात, ती कॉफी त्याच वंशातली. शंकूसारख्या गाळणीत कागद बसवायचा, त्यात दळलेली कॉफी घालायची आणि वरून हळूहळू गरम पाणी सोडायचं. जपानच्या हारिओ कंपनीची व्ही-साठ गाळणी हे त्यातलं सर्वांत परिचित नाव.

एका मोठ्या पेल्यासाठी १५ ग्रॅम कॉफी आणि साधारण २४० ग्रॅम पाणी हे प्रमाण चांगलं. आधी पुडी जेमतेम भिजेल एवढंच, म्हणजे ३०-४० ग्रॅम पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं. ताज्या भाजलेल्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड या वेळात निघून जातो आणि पुडी फुगून येते. मग मधून सुरुवात करून गोल गोल फिरवत बाकीचं पाणी दोन-तीन टप्प्यांत सोडायचं. सगळं मिळून तीनेक मिनिटांत होतं.

इथं धार कामाला येते. जाड धार पडली तर पुडीत खड्डा होतो, पाणी त्याच वाटेनं पळतं आणि आजूबाजूची पुडी कोरडी राहते. मग एकाच पेल्यात पाणचटपणा आणि कडवटपणा दोन्ही उतरतात. बारीक, संथ धारेनं सगळी पुडी सारखी भिजते. गूजनेक किटलीचा हा उपयोग निर्विवाद आहे, आणि ज्यांच्या घरी रोज अशी कॉफी होते त्यांनी ती जरूर घ्यावी.

बिनदुधाच्या पानांच्या चहाला धारेपेक्षा तापमान महत्त्वाचं. ग्रीन टीला ७० ते ८० अंश, दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीच्या नाजूक चहाला ८५ ते ९०, ऊलाँगला ८५ ते ९५ आणि काळ्या पानांच्या चहाला जवळजवळ उकळतं पाणी लागतं. पानातली गोडसर, उमदी चव देणारी अमिनो आम्लं कमी तापमानालाही उतरतात. तुरट आणि कडू घटक मात्र पाणी जितकं गरम तितके जास्त वेगानं सुटतात. ग्रीन टी कडू लागतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी बहुतेक वेळा त्यावर उकळतं पाणी ओतलेलं असतं.

तापमानाचं बटण आणि वाडीची उंची

गूजनेक किटल्यांत दोन प्रकार आहेत. एका प्रकारात फक्त चालू-बंद असतं : पाणी उकळलं की किटली बंद. दुसऱ्यात हवं ते तापमान लावता येतं, आणि बऱ्याच किटल्यांत ते काही वेळ टिकवूनही धरता येतं. फेलो कंपनीची स्टॅग ईकेजी ही या दुसऱ्या प्रकारातली गाजलेली किटली. तिच्यात ०.९ लिटर पाणी मावतं आणि तापमान ४० ते १०० अंशांच्या दरम्यान लावता येतं. किंमत भारी असते. त्याच धर्तीच्या स्वस्त किटल्याही मिळतात.

साध्या किटलीचं आपोआप बंद होणं कसं घडतं, हे माहीत असलं तर ती नीट वापरता येते. १९५५ मध्ये ब्रिटनच्या रसेल हॉब्ज कंपनीनं अशी किटली बाजारात आणली. तिच्यात दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. पाणी उकळलं की वाफ एका वाटेनं या पट्टीपर्यंत जाते. तापल्यावर दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि वीज तोडते. म्हणून झाकण नीट लावलेलं असायला हवं. झाकण उघडं राहिलं तर वाफ वरून निघून जाते, पट्टी तापत नाही आणि किटली उकळतच राहते. ही पट्टी अंश मोजत नाही, वाफ ओळखते. त्यामुळे वाडी असो की महाबळेश्वर, साधी किटली उकळीलाच बंद होते.

तापमान लावण्याच्या किटलीत तळाशी संवेदक असतो आणि तो खरोखर अंश मोजतो. वाडीत १०० अंश लावले, तरी पाणी तिथवर कधीच जाणार नाही. काही किटल्या उकळी ओळखून थांबतात, तर काही लावलेला आकडा गाठण्यासाठी पाणी उकळवत राहतात. म्हणून कोल्हापूर-सांगली भागात काळ्या चहासाठी ९७ लावावे. कॉफीला ९० ते ९६ अंश योग्य मानतात, त्यामुळे वाडीत कॉफीचं काहीच अडत नाही. महाबळेश्वरात मात्र ९६ लावणं व्यर्थ; तिथं ९४ च्या वर जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. संवेदक तळाशी असल्यामुळे पाणी फार थोडं असेल तर ते लावलेल्या आकड्याच्या दोन-चार अंश पुढे जाऊ शकतं. निम्मी किटली भरलेली असली की मोजमाप जास्त भरवशाचं होतं.

ज्यांना फक्त कॉफी करायची आहे, त्यांचं साध्या गूजनेकवर भागतं. वाडीच्या उंचीवर पाणी उकळून झाकण उघडं ठेवलं आणि दोनेक मिनिटं थांबलं, की ते कॉफीच्या टप्प्यात येतं. तापमानाच्या बटणासाठी पैसे मोजावेत ते ग्रीन टी, ऊलाँग किंवा दार्जिलिंग नियमित पिणाऱ्यांनी.

वॅट, अँपिअर आणि पिन

किटलीच्या तळावरचा वॅटचा आकडा वाचल्याशिवाय ती घेऊ नये. आपल्या घरांत लहान पिनेचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. बोलताना त्याला ५ अँपिअरचं म्हणतात. २३० व्होल्टवर त्यातून जास्तीत जास्त १३८० वॅट घेता येतात. १००० वॅटची किटली साडेचार अँपिअरच्या आत राहते, म्हणून ती लहान सॉकेटवर चालते. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं. भक्तनिवासात किंवा लॉजवर खोलीतल्या एक्स्टेन्शन बोर्डावर किटली, मोबाइल आणि पाण्याचा हीटर एकत्र लावणं धोक्याचं आहे. वायर कोमट लागली तरी तो इशारा समजावा.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ०.०८५ युनिट लागतं. वाया जाणारी उष्णता धरून ०.१ युनिट म्हणू. म्हणजे महावितरणच्या एका युनिटात दहा लिटर पाणी उकळतं. १००० वॅटच्या किटलीला लिटरभर पाण्यासाठी साधारण सहा मिनिटं लागतात, १५०० वॅटच्या किटलीला चार. वीज दोन्हींत जवळपास सारखीच जाते, फरक फक्त वेळेचा. बचत करायची असेल तर पाणी लागेल तेवढंच तापवावं.

अमेरिकेतून आणलेल्या किटलीबद्दल वेगळी सूचना. तिथली वीज १२० व्होल्टची. १२०० वॅटची तिथली किटली आपल्या २३० व्होल्टवर लावली, तर ती साडेतीन पटींहून जास्त शक्ती ओढू पाहते आणि जळते. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर इथं उपयोगी नाही. एवढ्या शक्तीचा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. नातेवाइकांना आधीच सांगावं की चहा, कॉफी, गाळणी काहीही आणा, विजेची किटली आणू नका.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावं. विजेच्या घरगुती किटल्यांसाठी आयएस ३६७ हे भारतीय मानक आहे. पाणी नसताना चालू झाल्यास आपोआप बंद होण्याची सोय आणि तीन पिनांचा अर्थिंगचा प्लग या दोन गोष्टींवर तडजोड नको.

पोट, मूठ आणि झाकण

आतलं स्टील ३०४ प्रतीचं असावं. त्याला १८/८ असंही म्हणतात, कारण त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजाला चांगलं तोंड देतं. झाकणाच्या आतल्या बाजूला, पातळी दाखवणाऱ्या खिडकीला किंवा तोटीच्या तोंडाशी प्लास्टिक आहे का, हे बोट फिरवून पाहावं. वाफ आणि उकळतं पाणी जिथं लागतं तिथं प्लास्टिक जितकं कमी, तितकं चांगलं.

दोघांसाठी ६०० मिलिलिटर पुरतं, चौघांच्या घराला ८०० ते १००० मिलिलिटर. त्याहून मोठी किटली भरल्यावर जड होते आणि बारीक धार धरताना मनगट थरथरतं. म्हणून दुकानात शक्य असेल तर पाणी भरून, हातात धरून, ओतून पाहावं. मूठ बोटांना चटका बसणार नाही इतकी पोटापासून दूर हवी आणि भरलेल्या किटलीचा तोल त्या मुठीत सांभाळता यायला हवा. धार ओतताना तोटीखालून पाण्याचा ओघळ येत असेल तर ती किटली परत ठेवावी.

वरच्या खुणेपेक्षा जास्त पाणी भरू नये. गूजनेकमध्ये हा नियम साध्या किटलीपेक्षा कडक पाळावा लागतो, कारण उकळताना पाणी फुगतं आणि लांब तोटीतून उकळते थेंब बाहेर उडतात.

पाण्यातले क्षार

वाडी ज्या तालुक्यात येते तो शिरोळ तालुका उसाचा. अतिपाण्यानं इथल्या बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि त्यांचा निचरा करून त्या पुन्हा लागवडीखाली आणण्याची खटपट तालुक्यात वर्षानुवर्षं चालू आहे. विहीर किंवा बोअरचं पाणी जड आहे का, हे घरातच कळतं : साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या कडेला पांढरा थर धरतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

जड पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होऊन तळाला चिकटतं. रुंद तोंडाच्या पातेल्यात ते घासून काढता येतं. गूजनेकच्या अरुंद तोटीत मात्र हा थर झारीतला शुक्राचार्य होऊन बसतो : धार अडते, तिरकी होते आणि चहात पांढरे कण उतरतात. संवेदकावर थर बसला तर तापमानही चुकतं.

उपाय सोपा आहे. किटलीत पाणी भरून लिटरमागे दोन चमचे लिंबूसत्व टाकावं, एक उकळी आणावी, अर्धा तास तसंच ठेवावं, मग थोडं पाणी तोटीतून ओतून बाकीचं टाकून द्यावं आणि किटली दोन-तीनदा साध्या पाण्यानं खळखळून धुवावी. पाणी जड असेल तर महिन्यातून एकदा, नाहीतर दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. तारेच्या घासणीनं आतून घासू नये. आरओचं पाणी वापरलं तर थर बसत नाही, पण क्षार फार कमी झालेल्या पाण्यात कॉफी बेचव उतरते. कॉफीसाठी लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार असलेलं पाणी चांगलं मानतात. आरओच्या पाण्यात थोडं नळाचं शुद्ध केलेलं पाणी मिसळलं तर दोन्ही साधतं.

पुराच्या गावात

पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी वाडीच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं वाहू लागतं आणि दक्षिणद्वार सोहळ्याला भाविक जमतात. तेच पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली घराघरांत घुसलं. पुराच्या दिवसांत वीज आधी जाते. जिथं हे पुन्हा होणार हे ठाऊक आहे, तिथं गॅसवर चालणारी स्टीलची गूजनेक किटली आणि स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर हा उत्तम पर्याय आहे. मूठ धातूची किंवा उष्णता सोसणारी हवी आणि ज्योत तळाच्या बाहेर जाऊ देऊ नये. लिटरभर पाण्याला दहा-बारा ग्रॅम गॅस पुरतो. धार विजेच्या किटलीइतकीच नेमकी मिळते आणि बिघडण्यासारखं काही नसतं.

पुरात बुडालेली विजेची किटली सुकवून पुन्हा लावू नये. तळातल्या जोडण्यांत गाळ आणि ओल राहते, शॉक बसू शकतो. पुराच्या काळात पिण्याचं पाणी तापमान लावून तापवू नये. त्याला पूर्ण, खळखळती उकळी यायलाच हवी. ८० अंशांचा ग्रीन टी हवा असेल तर आधी पाणी उकळावं आणि मग निवू द्यावं.

निवड कशी करावी

सगळ्यात आधी घरात काय प्यायलं जातं ते पाहा. दुधाचा चहा आणि दुधाचीच कॉफी असेल तर गूजनेक घेऊ नका. जाड बुडाचं पातेलं तुमचं काम अधिक चांगलं करतं. फक्त गाळलेली काळी कॉफी असेल तर ८०० मिलिलिटरच्या आसपासची, १००० वॅटची, साधी चालू-बंद होणारी गूजनेक घ्या, किंवा गॅसवरची. पानांचे नाजूक चहाही रोजचे असतील तरच तापमान लावण्याच्या किटलीवर खर्च करा. गाव पुराचं असेल तर पहिली पसंती गॅसवरच्या किटलीलाच द्या.

पैसे आधी तोटीला द्या, मग सुरक्षिततेला, मग स्टीलला आणि त्यानंतर तापमानाच्या बटणाला. रंगासाठी, लाकडी मुठीसाठी आणि मोबाइलवरून किटली चालू करण्याच्या सोयीसाठी जादा पैसे देऊ नका. वाचलेले पैसे ताज्या भाजलेल्या कॉफीवर आणि चांगल्या पानांच्या चहावर खर्च करा. पेल्यातल्या चवीत खरा फरक त्यांनीच पडतो.